साडूचा सीआरपी ०.४

३ मार्च
हिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या साडूचा, सीआरपी ०.४ आला. ही सकाळपासून तिघींना फोनवर सांगतेय. जशी काही लॉटरीच लागली! सीआरपी म्हणे रक्तातलं एक प्रोटीन. एकच्या आत असलं की हार्टला धोका कमी. मी म्हटलं, माझाही करू. ०.३ तर कुठे गेला नाही.

५ मार्च
३.८. मशीन बिघडलेलं असणार. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, तीन आठवड्यांनी परत बघू. ही घाबरली. माझ्यासाठी घाबरली म्हणून बरं वाटलं. तेवढ्यात म्हणाली, भावजींना विचारा ते काय करतात. डोकंच फिरलं.

६ मार्च
विचारलं नाही. त्याच्या दारातले बूट तेवढे बघून आलो. निळे, पांढरी पट्टी. दुकानात तस्सेच मिळाले, पण आठ नंबर. माझा नऊ. दुकानदार म्हणाला, नऊ दहा दिवसांनी येईल. तोवर साडू पुढे जाणार! आठच घेतले. पाय आत जातो. जवळजवळ.

१२ मार्च
संकल्प : रोज पाच किलोमीटर. सरासरी : दीड. डाव्या अंगठ्याला फोड. म्हणजे परिणाम दिसायला लागला.

१७ मार्च, सकाळी ६.४०
साडू वाटेत भेटला. म्हणाला, बरोबर चालू या, अगदी हळू. हळू! मेल्याचा हा चांगुलपणाच मला सहन होत नाही. त्याच्यादेखत पुलापर्यंत धावलो. घरी आल्यावर मोजा अंगठ्यापासून सुटेना. हिला सांगितलं नाही.

२६ मार्च
४१. मी आधी ४.१ वाचलं. डॉक्टर म्हणाले, मध्ये टिंब नाही. मग मोजा काढायला लावला. ही बघून रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, हा आकडा हार्टचा नाही, अंगठ्याचा आहे. पू झालाय. बरा होईपर्यंत चालणं बंद, टेस्टही बंद. घरात कसला ताण आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. ही डोळे पुसत म्हणाली, आहे ना. माझे भावजी.

२७ मार्च
साडू बघायला आला. माझा पाय उशीवर, बँडेजमध्ये. हिने माझे बूट त्याच्यापुढे ठेवले. अगदी मापात बसले. घालूनच गेला.
ही बराच वेळ गॅलरीत उभी होती. मग आत येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, आकडा गेला खड्ड्यात, मला तुम्ही धडधाकट हवे आहात.
मी विचारलं, तो चालत गेला की पळत?
ही उठून आत गेली.