तवशाची जागा

१४ नोव्हेंबर १९९९
सकाळी वहिनी घावने घेऊन पडवीत. चुली वेगळ्या झाल्यापासून तिकडचं ताट इकडे आलं की समजावं, काहीतरी काम आहे. "भावजी, ह्यांनी विचारलंय, मांगरातल्या आगगाडीला डोंगर-झाडं करून द्याल का?"
ह्यांनी विचारलंय! मधे एक भिंत. दादा खोकला तरी मला ऐकू येतं. स्वतः येऊन विचारायला जीभ झडली होती काय?
घावने खाल्ले. उत्तर दिलं नाही.

१६ नोव्हेंबर
दादा बँकेत गेलेला बघून मांगरात जाऊन आलो. आपण आंब्याच्या पेट्या भरायचो त्या कोठारात शिंच्यानं भलंमोठं प्लायवूडचं टेबल ठोकलंन. मांगर सामाईक, पण मला विचारायची पद्धत नाही. वर रूळ, इंजिन, डबे. बोटीवर चीफ इंजिनियर होता तेव्हा जर्मनीहून आणलेली खेळण्यातली गाडी. रिटायर झाला आणि खोकी उघडलीन.
रूळ मात्र काय बसवलेत. सांध्यावरनं नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. हे मी त्याला मरेपर्यंत सांगणार नाही.
बाकी सगळं बोडकं. खोक्यावरच्या चित्रात बर्फाचे डोंगर, टोकदार झाडं. असलं हवं असणार त्याला. मी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली, बर्फाच्या वाटेला गेलो नाही.

१७ नोव्हें.
वहिनीकडे निरोप दिला. करीन, पण दोन अटी. बर्फ नाही, आपला कातळ आणि आपली बाग. आणि तवशा जागच्या जागी पाहिजे.
भिंतीपलीकडून दादा, मुद्दाम मोठ्यानं: "त्याला सांग, तवशाच्या जागेवरनं लाईन जाते. खऱ्यातपण आणि टेबलावरपण!"
मी इकडून: "वहिनी, त्याला सांगा, मला ठाऊक आहे. सही कुणी केलीन तेपण ठाऊक आहे."
वहिनी मधल्या दारात उभी. म्हणाली, "मी जाते देवळात. तुम्ही दोघं बसा भिंतीशी बोलत."

१८ नोव्हें.
रात्री झोप धड नाही. एकदा लिहूनच टाकतो, डोकं तरी रिकामं होईल.
तवशा म्हणजे आमचा रायवळ आंबा, विहिरीच्या वरच्या अंगाला. फळ तवशासारखं, मोठ्या काकडीसारखं लांबडं म्हणून तवशा. हापूस विकायचा आणि तवशा खायचा, हा घरचा शिरस्ता. आईचं लोणचं त्याचं, उन्हात वाळवलेलं साठं त्याचं. रेल्वेची मोजणी आली तेव्हा मी म्हणत होतो, अर्ज करू, लाईन थोडी खाली सरकते का विचारू. नाही म्हणाले असते तर नाही. पण विचारलं तर असतं! मी देवरुखला परीक्षेच्या कामाला गेलो, दादा रजेवर घरी. परत येतो तर सही करून मोकळा. "एका झाडासाठी गाडी अडवायची काय?" हे त्याचे शब्द. पुढच्या उन्हाळ्यात तवशा आडवा. त्याच्या फळ्यांच्या पेट्या झाल्या, आणि त्यात आमचाच हापूस भरून पाठवला.
तेव्हापासून मी दादाशी बोलत नाही. त्या गाडीतही पाय ठेवलेला नाही. राजापूर असो नाहीतर मुंबई, आपली एस.टी.

५ डिसेंबर
अटी मान्य म्हणे. म्हणजे "बघू" म्हणालाय, पण वहिनीनं त्याचं "हो" करून आणलंन.
रद्दी, खळ, वरनं प्लास्टर. डोंगर उभा राहतोय. जांभ्याचा चिरा चिऱ्यावर घासून पूड काढली, ती ओल्या प्लास्टरवर भुरभुरवली. असा रंग दुकानात मिळायचा नाही.
दादा टेबलाच्या त्या टोकाला. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून इंजिनाशी बोलतो. "डोंगर फार लाल झाला हो."
मी ब्रशाला सांगितलं, "समुद्रावर राहून माणूस मातीचा रंग विसरतो."
इंजिन गप्प.

९ जानेवारी २०००
झाडांचा पाला सुक्या घोसाळ्यांच्या जाळीचा. कातरायची, हिरव्या रंगात बुडवायची, तारेच्या फांद्यांवर बसवायची. कलमं अशी झालीत की मोहर कधी येतो म्हणून वाट बघावी. वहिनी भडकली. "बियाण्याची घोसाळी होती ती! माळ्यावर जपून ठेवलेली! तुमच्या दोघांच्या खेळात मी पुढच्या वर्षी भाजी काय करू, आगगाडी?"
तिचं बरोबर आहे. पण झाडं झक्क झालीत.

२३ जाने.
रुळांखालच्या खडीवरनं वाजलं. दादाला मुंबईच्या दुकानातली बारीक खडी मागवायचीय. मी नाचणी पसरली. दाणा तोच, रंग तोच, खळीनं चिकटवली की खडी, हुबेहूब. दादा इंजिनाला: "खायची वस्तू आहे ती. बोटीवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला पुढच्या बंदरात उतरवला असता."
मी ब्रशाला: "इथं बोट नाही. आणि उतरायला माझं स्वतःचं घर आहे."
अख्ख्या लाईनला नाचणी घातली. मुद्दाम.

२ मे
आंब्याचे दिवस, मांगरात पाय ठेवायला जागा नाही. टेबलावर प्लास्टिक, टेबलाखाली पेट्या. दोघंही गड्यांवर ओरडतोय, "टेबलाला धक्का लावू नका रे!" एकाच वेळी ओरडलो. मग दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.

२७ जून
कर्म माझं. नाचणी उगवली.
मांगराची कौलं परतायची पाळी आमच्यात एक वर्ष आड. यंदा दादाची. परतली नाहीत, गळलं, ते प्लास्टिकच्या फटीतनं थेट लाईनवर. आज प्लास्टिक काढलं तर रुळांच्या दोन्ही बाजूंनी हिरवे कोंब, मधनं डबे उभे. दादा हसायला लागला तो थांबेना. पोट धरून हसला. "अगो, बाहेर ये, बंड्यानं रुळावर शेती केलीन!" वहिनीपण हसली. माझ्या अंगाचा तिळपापड. मी म्हटलं, "कौलं परतायची पाळी कुणाची होती ते सांगा आधी!" कोण ऐकतंय.
दुपारभर चिमट्यानं कोंब उपटत बसलो. दादा येऊन उभा राहिला. इंजिनाला म्हणाला, "तसं वाईट दिसत नव्हतं."
असलं गोड बोलून मी विरघळायचा नाही.

३० जुलै
खडी आता काळ्या दगडाची, कुटून चाळलेली. कुटली दादानं, चाळली मी. एक शब्द नाही. विहीर झाली, बागेभोवतीचा दगडी गडगा झाला. रुळांमधली एक जागा मोकळी ठेवलीय. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे.

२० ऑगस्ट
माळ्यावरनं तवशाची फांदी काढली. पाडला तेव्हा एवढीच हाताला लागली होती. तिचाच बुंधा कोरला. वास अजून आहे, सुरी लागली की येतो. डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, इथं कोण बघतंय.
डावीकडची वाकडी फांदीपण साधली, ज्यावर आम्ही दोघं चढून बसायचो आणि दादा मला खाली उतरू द्यायचा नाही. तेव्हापासूनच असा आहे तो.

२७ ऑगस्ट
गडग्यापासून, विहिरीपासून माप घेतलं. तवशा जिथं होता तिथंच लावला. म्हणजे बरोब्बर दोन रुळांच्या मधे. प्लास्टर भरलं. आता काढ म्हणावं गाडी.
भांडायला येईल म्हणून संध्याकाळभर पडवीत बसून होतो. आला नाही.

३० ऑगस्ट
मांगराला आतनं कडी. वहिनी म्हणते, "जेवायला हाक मारली तरी येत नाहीत. तुम्ही काय केलंत हो भावजी?"
मी काय केलं! झाड लावलं.

२ सप्टेंबर
आज कडी उघडी.
तवशा जागेवर. रूळ सरकवलेत. एवढ्या निगुतीनं बसवलेली लाईन उखडलीन आणि विहिरीच्या अंगानं वळवून तवशाच्या बाजूनं नेलीन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, खिळा कुठे ठोकतो ते दिसत नाही. अंगठा काळानिळा झालाय.
गाडी सोडलीन. इंजिन वळणावरनं निघालं. डबे लांब, ते बुंध्याला घासले आणि कलंडले. परत सोडलीन. परत तेच.
"वळण बसत नाही," दादा म्हणाला. इंजिनाला नाही. मला.
मी म्हटलं, "मग?"
"मग काय. डोळा झाला की बघू. लाईन विहिरीकडे आणखी सरकायची नाही, पण बघू."
इतक्या वर्षांनी बोललो तर एवढंच. घरी येऊन बसलो आणि जो संताप आलाय! टेबलावर वळवता आली ना लाईन? मग तेव्हा नुसतं विचारायला काय झालं होतं? आज वळवलीन म्हणून मी तेव्हाचं विसरू? जमणार नाही.

५ नोव्हेंबर
दादा-वहिनी मुंबईला मुलाकडे गेली, डोळ्याच्या ऑपरेशनला. गाडीनं, अर्थात. जाताना दादा पडवीशी थांबला. मांगराची किल्ली माझ्या हातात दिलीन. "तवशाला पाणी घाल," म्हणाला. विनोद केलान. मी हसलो नाही. निदान तो वळेपर्यंत.

१२ नोव्हें.
देवरुखचे साळवी सर येणार म्हणून पत्र. आम्ही दोघं एका वर्षी शाळेत लागलो. माझ्या चित्रांना जन्मभर "बरी आहेत" म्हणत आला हा गृहस्थ. मांगर झाडून घेतला. कलमांना नवा रंग. आता म्हण बरी.

१५ नोव्हें.
साळवी येऊन गेले.
कातळ बघितला, विहीर बघितली, चष्मा काढून परत बघितला. "अरे, हा तर आपला कोकण उचलून ठेवलास! वा!" मी फुगलो. खोटं कशाला सांगू, टम्म फुगलो. मग म्हणाले, "गाडी चालते ना?"
सोडली. डबे कलंडले. उचलून परत सोडली, हळू. परत कलंडले. साळवींच्या तोंडावर ते "बरी आहेत"वालं हसू यायला लागलं. मी म्हटलं, थांबा, होतं असं कधीकधी. तिसऱ्यांदा सोडली आणि मागचा डबा पार खाली फरशीवर.
साळवी म्हणाले, "अरे, ते झाड काढ ना. एका झाडासाठी गाडी कशाला अडवतोस?"
मी काढलं. वादबिद काही नाही. बुंध्याला धरलं, हलवलं, मुळाशी प्लास्टरचा खपला निघाला आणि तवशा माझ्या हातात. गाडी सोडली. कातळावरनं, विहिरीवरनं, सरळ निघून गेली, परत आली, परत गेली. काय सुंदर गेली! साळवींनी टाळ्या वाजवल्या.
मीपण वाजवल्या. तवशा काखेत धरून.

१६ नोव्हें.
साळवींना एस.टी.त बसवून आलो. जाताना म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, गाडी फस्क्लास." जेवण गेलं नाही.
कुणी जबरदस्ती केली नव्हती. कागद पुढे ठेवून सही मागितली नव्हती. साळवींनी चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.
दादाला तेव्हा काय हवं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही. पण आज दिवसभर तेच डोक्यात.

१९ नोव्हें.
फोन दादाच्या घरात, किल्ली माझ्याकडे. वाजला म्हणून धावलो. वहिनी. "ह्यांचा डोळा छान झाला हो. सगळं लख्ख दिसतंय, माझ्या सुरकुत्या मोजतायत. परवा सकाळच्या गाडीनं येतोय. सामान बरंच आहे, स्टेशनवर याल का?"
मी म्हटलं, बघतो.
मागनं दादा: "बंड्याला सांग, आल्या आल्या आधी तवशा बघणार! आजवर मला नुसता हिरवा धब्बा दिसत होता!"
वहिनी म्हणाली, "ऐकलंत ना?"
ऐकलं.

२० नोव्हें.
मांगरातच. तवशा खाचेत बसवून बघितला. गाडी सोडली, पडली. उचलला, गेली. बसवला, पडली. काय करतोय मी, खुळ्यासारखा!
चिकटवून टाकला तर त्याला कळायचं नाही. खपला बरोबर बसतो, फटीत चिऱ्याची पूड भरली की झालं. साळवी काही मुंबईला सांगायला जात नाहीत.
आणि मग उरलेला जन्म भिंतीपलीकडून ओरडत राहायचं, सही कुणी केलीन, सही कुणी केलीन?

२१ नोव्हें., सकाळ
अंघोळ करून तयार. स्टेशनवर जातोय. गाडी चढायची नाही, नुसतं फलाटावर उभं राहायचं, त्यानं काही बाटत नाही.
फेविकॉलची बाटली उघडून ठेवलीय, अजून लावलेला नाही. आता लावला तर तो येईपर्यंत वाळेल.
बेड्याशी, फाटकाबाहेर, रिक्षावाला भोंगा वाजवतोय. वाजवू दे.
तवशा पिशवीत घातला होता, फलाटावरच दादाच्या हातात देईन म्हणून. परत काढला. हातातच आहे.