पोत्यातला शाफ्ट

चिंतू बेटा,

दारामागे पोत्यात जपानी गाडीचा ड्राइव्हशाफ्ट आहे. भंगार समजून फेकू नकोस. परदेशीपुऱ्यातल्या नीरजभियांच्या गॅरेजमधून मीच रिक्षात घालून आणलाय. गाडी वळवली की कटकट वाजते म्हणे, आणि नवा पार्ट यायला महिना लागणार.

मी त्यांना सांगितलं, माझा मुलगा मिलमध्ये फिटर होता, चालत्या मशीनला टेकवलेला पेचकस कानाला लावून खराब बेअरिंग ओळखायचा. मग राहवलं नाही, विलायतेचा साहेब तुझ्या पाया पडला, तेही सांगून टाकलं. भिया हसले. म्हणाले, “अम्मा, फेको मत! ले जाओ, ठीक कर दे तो कल से काम पे आ जाए.”

तू चिडशील, म्हणून तुझ्या बायकोपोरांना घेऊन जुन्या इंदूरला कीर्तनाला जातेय. वर्ष झालं, तू रोज डबा घेऊन मिलच्या बंद गेटापाशी बसून येतोस. मी काही बोलले का?

साहेबाची थाप होती, पेचकसाचं खरं आहे. नाही जमलं तर खुशाल परत दे, म्हातारी फेकते म्हणून सांग. पण न खोलता परत देऊ नकोस.

आई