दोन कुत्र्या माझ्या, तिसरा माझा नव्हे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षे मदतनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हात कापतो आहे, पण तो भीतीने. त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये. वकिलांच्या नमुन्यात यापुढे ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे शब्द आहेत. ते मी गाळले आहेत. दडपण आहे, आणि ते कशाचे हे कलम पाचमध्ये येईल.

हे आत्ताच का लिहिते, तेही सांगते. मागच्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी विचारले, “घरी सोबतीला कोण आहे?” मी म्हटले, तीन म्हातारी कुत्री आहेत. ते म्हणाले, “ती दार उघडणार आहेत का?” त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. मी आत पडलेली, कडी आतून लावलेली आणि तिघे दाराशी, असे एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत असताना अशा एका घरातले कुत्रे आमच्याकडे आणले होते. काय पाहिले ते लिहीत नाही. तेव्हापासून, म्हणजे डॉक्टरांच्या प्रश्नापासून, मी आतून कडी लावणे सोडले आहे. शेजारची शिंपीण म्हणते, चोराची भीती वाटत नाही का? वाटते. पण भीतीतही डावे-उजवे करावे लागते.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे छोटे अंगण, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला द्यावे. तो वीजजोडणीची कामे करतो. या घरातला एकही दिवा त्याने माझ्याकडून पैसे घेऊन लावलेला नाही. तो घर विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. वकील म्हणाले, कुत्री सांभाळण्याची अट घाला. मी घालत नाही. लहानपणी एका कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता, आजही माझ्याकडे आला की पाय वर घेऊन खुर्चीवर बसतो. त्याने सरळ सांगितले, “मावशी, तुझं सगळं करीन, पण ह्यांच्या जवळ मला जाववत नाही.” खरे बोलणाऱ्याला अट घालून खोटे पाडू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मात्र त्यानेच करावी.

कलम दोन. बँकेत जे असेल ते बहिणीला द्यावे. आमचे यजमान गेले तेव्हा ती चार माणसांत म्हणाली होती, “ही कुत्र्यांना घास भरवते आणि माणसाला चहा विचारत नाही.” नऊ वर्षे मी ते मनात धरून ठेवले. आता लिहायला बसल्यावर आठवून पाहिले, तर त्या दिवशी तिला खरेच चहा विचारला नव्हता.

कलम तीन. लोखंडी पेटीतील सामान, म्हणजे नखे कापायची कात्री, कातडी हातमोजे, दोन मुसकी, तापमापक, दवाखान्यात द्यावे. माझे काम धरण्याचे होते. डॉक्टर सुई टोचत आणि मी जनावर धरत असे. शेवटची सुई असली की मालक बहुधा बाहेर जाऊन उभे राहत. मग कुत्र्याच्या डोळ्यांपुढे उरत असे मी. धरणारीचा हात कापला तर कुत्र्याला कळते, म्हणून एकतीस वर्षे मी हात कापू दिला नाही. माझ्या कुत्र्यांना शेवटी कोण धरेल, आणि त्याचा हात कसा असेल?

कलम चार. वकिलांच्या मते कुत्रा ही जंगम मालमत्ता, कपाट आणि पंखा यांच्या रांगेतली. असेल. बिजली नावाची कुत्री, वय चौदा, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. घर बदलताना तिचे मालक तिला दवाखान्याच्या फाटकाला बांधून निघून गेले. तिला घर पाठ आहे, म्हणून खुर्ची, टेबल, पाण्याचे भांडे यांच्या जागा बदलू नयेत. तिला मागून हात लावू नये, आधी आवाज द्यावा. तिपाई नावाची कुत्री, वय बारा, पाय तीन. तिला गुळगुळीत फरशीवर चालवू नये, गोणपाट अंथरावे. दोघींना एकमेकींपासून तोडू नये, कारण बिजली तिपाईच्या नखांच्या आवाजामागून चालते. खाणे सुटले, जागच्या जागी घाण होऊ लागली आणि हाक मारली तरी कान हलेना, की डॉक्टरांना बोलवावे. त्याआधी घाई नको आणि त्यानंतर लोभ नको. लोभ म्हणजे काय हे मी पाहिले आहे. सलाईन लावून आठ-आठ दिवस जगवलेली कुत्री पाहिली आहेत, मालकाला रडायचे धाडस होत नव्हते म्हणून.

या दोघींना माझ्यामागे कोण नेणार? एकच इच्छुक आहे, आणि तिचीच मला भीती वाटते. प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेची ती बाई आहे, शर्टावर कुत्र्याचा पंजा छापलेली. तीनदा येऊन गेली. एकदा कुंपणावरून तिपाईचे फोटो काढताना मी तिला पकडले. संस्थेत चाळीस कुत्री, सिमेंटची जमीन, आणि जी जास्त केविलवाणी दिसेल तिचा फोटो वर्गणीच्या जाहिरातीत. बाई दुष्ट नाही. दुष्ट असती तर अंगावर कुत्री सोडली असती, अर्थात बिजली जाऊन भिंतीवर आपटली असती. ती हसतमुख आहे. तिसऱ्या खेपेला माझा हात हातात घेऊन म्हणाली, “आजी, ह्या वयात तुम्हाला नाही झेपत. एक दिवस येऊन आम्हीच उचलतो ह्यांना. त्यांच्याच भल्यासाठी.”

मी दार लावले. कारण ‘त्यांच्याच भल्यासाठी’ हे शब्द माझे आहेत.

कलम पाच. घरात जो तिसरा कुत्रा आहे, करडा, वय पंधरा, त्याला मी चौदा महिन्यांपूर्वी बाजारामागच्या गल्लीतून उचलून आणले. घड्याळ दुरुस्तीच्या एका दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. दुकान बंद. गळ्यात पट्टा नाही, मानेवरचे केस गेलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आलेल्या. माझे पित्त खवळले. लोक दुकान लावून जातात आणि मुके जनावर उन्हात मरायला ठेवतात, असे मोठ्याने म्हणून मी त्याला छातीशी धरले आणि चालत घरी आणले. शेजारणीने शाबासकी दिली. मी त्याला अंडी दिली, मांस दिले. तो ओकत होता. चांगल्या खाण्याची सवय नाही बिचाऱ्याला, असे मी म्हणत राहिले.

आठ दिवसांनी दवाखान्याच्या फळ्यावर हाताने लिहिलेला कागद दिसला. करडा कुत्रा, नाव ठोका. मूत्रपिंडाचा आजार आहे म्हणून वाळला आहे. मानेला जखम होती म्हणून पट्टा काढला आहे. मांस, अंडी देऊ नये. रोज सकाळी एक गोळी, तिचे नाव लिहिले होते. आणि खाली: ‘ज्याला सापडेल त्याने ठेवून घेतला तरी चालेल, पण गोळी चुकवू नये.’

बरगड्या दिसल्या की लगेच उपासमार म्हणायचे नाही, आधी लघवी तपासायची, हे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मदतनिसाला मीच शिकवले आहे. तेच मी विसरले, कारण मला कोणावर तरी रागवायचे होते आणि कोणाला तरी वाचवायचे होते. ही झाली चूक. पुढचे चूक नाही, तो गुन्हा आहे. मी तो कागद फळ्यावरून काढला आणि घरी आणला. दुकानदार ऐंशीचा, एकटा, डोळे अधू, हे चौकशीत कळले होते. अशा माणसाच्या हाती आजारी कुत्रा कसा द्यायचा, त्याच्याच भल्यासाठी तो इथे राहावा, असा न्याय मी केला. न्यायाधीश मीच, साक्षीदार मीच. गोळ्या आणल्या आणि त्या दिवसापासून एकही चुकवली नाही.

तेव्हापासून दार वाजले की आधी ठोक्याला आतल्या खोलीत घालते. ठोक्याला मी अंगणाबाहेर नेत नाही. त्या गल्लीवरून जायला नको म्हणून भाजीला लांबच्या रस्त्याने जाते. मी रस्त्यात पडले तरी त्या गल्लीत पडू नये, अशी प्रार्थना करते. माझ्या मृत्यूनंतर भाच्याने ठोक्याला दुकानदारांकडे पोहोचवावे आणि हे कलम त्यांना वाचून दाखवावे.

कलम सहा, सहा दिवसांनी लिहिलेले. भाच्याने वरचे वाचले, अर्थात पाय खुर्चीवर घेऊन.

“मावशी, ठोका किती वर्षांचा?”

“पंधरा.”

“ते आजोबा ऐंशीचे. तू त्र्याहत्तरची, त्यात तुझं हृदय असं. तुम्हा तिघांत तूच पहिली जाणार, ह्या भरवशावर हे कलम लिहिलंयस?”

मी कागद परत मागितले, त्याने दिले नाहीत.

“आणि तोंड मी दाखवायचं त्यांना? तू सुटलीस, मी अडकलो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी ठोक्याला उचलून निघाले. गल्लीच्या तोंडाशी दोनदा परत फिरले. दुकान उघडे होते. दुकानदार डोळ्याला भिंग लावून वाकले होते. मी ठोक्याला खाली ठेवले. उड्या नाहीत, भुंकणे नाही. तो टेबलाखाली गेला आणि त्यांच्या चपलांवर हनुवटी टेकून झोपला. त्यांनी भिंग काढले, खाली वाकले आणि त्याच्या पोटावरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलेच नाही.

“गोळी?”

“रोज सकाळी. एकदाही चुकली नाही.”

“पहिल्यापासून?”

“पहिले आठ दिवस नाही. मला माहीत नव्हतं.”

मग म्हणाले, “त्या दिवशी अर्धा तास डोळे तपासायला गेलो होतो. ऑपरेशनची तारीख घेऊन आलो, तर पायरी रिकामी. मग मी दुकान बंदच केलं नाही. तो येईल आणि दार लावलेलं असेल, म्हणून. तारीख गेली. डाव्या डोळ्याने आता काही दिसत नाही.”

मी माफी मागितली. त्यांनी पुन्हा भिंग लावले.

म्हणून कलम पाचमधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. ठोका माझ्या मालमत्तेत नाही, कधीही नव्हता. आता घरात बिजली आणि तिपाई दोघीच आहेत, आणि माझ्यामागे त्यांना न्यायला अजूनही कोणी नाही. पंजावाल्या बाईचा काल पुन्हा फोन आला. तिच्यात काय वाईट आहे, असे कोणी विचारले तर मला आता सांगता येणार नाही. भीती मात्र तेवढीच आहे.

वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो साक्षीदार असू नये. ज्यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही अशी ओळखीची माणसे दोनच. एक शेजारची शिंपीण. दुसऱ्या माणसाला काल विचारले. ते म्हणाले, “वाचल्याशिवाय मी सही करत नाही.” उद्या हे कागद घेऊन जाते. ते सही करतील की फाडतील, ठाऊक नाही. दोन्हीचा त्यांना अधिकार आहे.

ठिकाण: घड्याळ दुरुस्तीचे दुकान, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून.
दिनांक: १९ ऑक्टोबर, सकाळ.

लिहून देणार: सही (कापऱ्या हाताची, पण माझीच)

साक्षीदार एक: शेजारची शिंपीण. सही. ‘सही माझ्यासमोर केली. कुत्र्याला उचलून आणले तेव्हा शाबासकी मी दिली होती, हेही खरे.’

साक्षीदार दोन: घड्याळजी, ठोक्याचा मालक. सही. ‘सर्व वाचले. एका डोळ्याने वाचले, म्हणून दोन तास लागले. बाईंना माफ केलेले नाही, तो विषय वेगळा. त्यांच्या दोन्ही कुत्र्या मी ठेवीन. येत्या रविवारपासून दर रविवारी दोघींना इथे आणत जावे, आंधळीला जागा पाठ व्हायला वेळ लागेल. बाई मेल्यावर आणून उपयोग नाही.’