संगणकाची तारीख मागे घेताना

गुरुजी,

गेल्या गुरुवारी दुपारी तुमच्या शाळेतून फोन आला. म्हणजे पुनर्वसनाच्या गावातल्या नव्या शाळेतून; आपली शाळा तर भूकंपातच गेली. आत्ताचे हेडमास्तर बोलत होते. "मॅडम, शाळेम्होरं दगड बसवायलोय. त्या सालच्या चौथीच्या लेकरांची नावं कोरायची हायेत. हजेरीबुक तर ढिगाऱ्यात गेलं. गुरुजींनी तुमच्याकडून कॉम्प्युटरवर काहीतरी यादी करून घेतली होती म्हणं?" मी एका दमात म्हणाले, "हाव, आहे ना माझ्याकडे." फोन ठेवल्यावर ध्यानात आलं: ती यादी मी कित्येक वर्षांत उघडली नव्हती, आणि ती ज्या संगणकावर उघडायची तो दोन दिवाळ्यांपूर्वी भंगारात दिला होता. कारागीर सोमवारी सकाळी येणार होता.

मी अजून हेच काम करते, गुरुजी. लातूरला, क्लासच्या भागात, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. खाली दिवसभर पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं सायकली दामटत एका क्लासातून दुसऱ्या क्लासात पळत असतात आणि वर मी त्यांच्या क्लासच्या वेबसाइट बनवते. निकाल लागला की पहिल्या आलेल्यांचे फोटो. एकच पोरगी दोन क्लासवाले आपली म्हणून सांगतात आणि मी दोन्हीकडे तिचा तोच फोटो लावते. तुम्ही असता तर माझा कान पिळला असता. जांभळा केला असता.

ही विद्या मी जिथे शिकले ते सेंटर तुम्हाला आठवत असेल. तिथल्या मालकांना आम्ही सगळे भाईजान म्हणायचो. वेबसाइट बनवण्याचं जे सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं ती मुदतीची प्रत होती; ठरलेली तारीख उलटली की ते उघडायचंच नाही. भाईजाननी त्यावर साधा इलाज शोधला होता: सेंटरमधल्या सगळ्या संगणकांची तारीख मागे नेऊन ठेवायची. "मशीनला काय मालूम आज कोणतं साल हाय? आपण सांगू तेच साल," म्हणायचे. महिना संपत आला की पुन्हा मागे. बाहेर पोळा, दसरा होऊन जायचा आणि आत आम्ही तोच एक उन्हाळ्याचा महिना वापरत बसायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याच काय, त्या वेळी पुष्कळ सेंटरांत हीच रीत होती.

तिथे एक दिवस तुम्ही आलात. निवृत्त झाला होतात, हातात छत्री, टोपी जरा तिरकी. मला तुम्ही नावाने नाही, हजेरीच्या नंबराने ओळखलंत. भूकंपाच्या पहाटे मी आई-बाबांबरोबर रेणापूरला मामाकडे होते म्हणून वाचले, आणि नंतर आम्ही गावाकडे फिरकलोच नाही, हे सगळं मी सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "मला ठावं हाय समदं. टाइप करायला बस." तुम्ही खुर्ची ओढता, डोळे मिटता आणि हजेरी घ्यायला लागता. तोच आवाज, तोच क्रम. प्रत्येक नावानंतर तुम्ही थोडं थांबता, पोरगं 'हजर' म्हणेल एवढं. बाकीच्या संगणकांवरची पोरं टाइप करायची थांबतात. भाईजान चहाचा कप हातात धरून दारातच उभे राहतात. मला वाटतं, इतकी भीती मला परीक्षेच्या हॉलमध्येही वाटली नाही, कारण तुम्ही थांबलात की मला दर वेळी कुणीतरी उत्तर देईल असं वाटत होतं. त्रेचाळीस नावं झाली. तुम्ही डोळे उघडून पाणी मागितलंत.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला मोठ्या हौसेने पान दाखवलं. वर मिणमिणती समई, बाजूंनी वेलबुट्टी, आणि नावं खालून वर सरकणारी. तुम्ही चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे काय मांडलंस गं? लग्नाची पत्रिका हाय का?" मी ओशाळले. तरी विचारलंच, "गुरुजी, जे गेले त्यांच्या नावापुढं फूल टाकू का?" तुम्ही इतके चिडलात की सेंटरमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "खामखा शहाणपणा करू नको. हजेरीत गेले-राहिले असा रकाना नसतो. समद्यांना सारखं लिही." मी सगळं काढून टाकलं. पांढरं पान, काळी अक्षरं, ओळीने नंबर. तुम्ही ते छापून नेलंत. तुमच्यामागे तुमच्या मुलाने घर आवरलं तेव्हा तो कागद कुठे गेला त्यालाही माहीत नाही. शुक्रवारी मी त्याला फोन करून विचारलं. इंटरनेटवर फुकट जागा मिळाली होती तिथे ते पान ठेवलं होतं, पण ती जागा देणारे केव्हाच बंद पडले.

उरली एक सीडी, तिच्यावर ते सॉफ्टवेअर आणि त्याची एकच फाइल, जी दुसऱ्या कशातच उघडत नाही. नव्या संगणकाला सीडीची फटच नाही. खालच्या दुरुस्तीवाल्याकडून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी आत घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली, आणि मी तोंडाने चक्क "चल गं बाई, चल" म्हणत होते. सॉफ्टवेअर सुरू होईना: हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही. जुन्या सिस्टीमसारखं वागायला सांगणारी सेटिंग असते, ती एकेक करून लावली. शुक्रवार त्यात गेला. शनिवारी दुपारी ते एकदाचं उघडलं आणि म्हणालं, मुदत संपली. मी हसले आणि मग रडू आलं. ही तरी गोष्ट मला येत होती. संगणकाची तारीख मागे नेली, त्या उन्हाळ्यापर्यंत. लगेच इंटरनेट बंद पडलं, मेल उघडेना, सगळीकडून इशारे यायला लागले की तुमची तारीख चुकली आहे. पण फाइल उघडली, आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. त्या वेळचा मराठी फॉन्ट नव्या संगणकात नव्हता. तो त्याच सीडीवर एका कोपऱ्यात सापडला. तो टाकला, आणि नावं आली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, तुमच्या क्रमाने. मी मोठ्याने मोजली. त्रेचाळीस.

सुटले असं वाटलं, ते तासभरच. स्क्रीनचा फोटो पाठवला तर हेडमास्तरांचा लगेच फोन. "लई उपकार झाले, मॅडम. आता यातले गेलेले तेवढे सांगा. जित्या माणसांची नावं दगडावर कशी कोरायची? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, गुरुजींची अट होती. सगळी नावं, हजेरीच्या क्रमाने, खूण न करता. वर फक्त इयत्ता चौथी लिहा. ते जरा घुटमळले. "पण मॅडम, तुमचं बी नाव येईल त्यात." म्हटलं, येऊ द्या. अट तुमची आहे म्हटल्यावर, गुरुजी, त्यांनी वर काय लिहायचं तेवढं पुन्हा विचारून घेतलं. सोमवारी कोरायला सुरुवात झाली. माझ्या घरी मी अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही दगडाबद्दल कधीच काही बोलला नव्हतात, गुरुजी. तुमच्या तोंडी मी ते घातलं. आणि तुमचा नियम पाळायचा म्हणूनही घातलं नाही. यादीतल्या बाकीच्यांचं मला थोडंफार माहीत आहे, येता-जाता कानावर आलेलं. माझ्या वरच्या नंबराच्या मुलीचं, ती गेली की राहिली, माहीत नाही. तरटपट्टीवर ती माझ्या शेजारी बसायची, माझ्या पाटीवरची बेरीज आपल्या परकराने पुसून मला पुन्हा करायला लावायची. आईने मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी सेंटरमध्ये तुम्ही तिचं नाव घेतलंत, थांबलात, डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला माहीत होतं. मी विचारेन म्हणून तुम्ही थांबला होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी पुढचा नंबर टाइप केला.

त्याच फोनवर हेडमास्तर म्हणाले होते, गावात अजून जुनी माणसं हायेत, एकेकाचं विचारून सांजच्याला कळवतो. मी म्हणाले, राहू द्या.