निवांत नगरीच्या फाटकावरून

वाशिंद, कार्तिक महिना
(वार बुधवार असावा. इथे वार विचारला की माणसं आधी हसतात, मग मोबाईल काढून बघतात.)

तीर्थरूप आक्का, धाकट्या गणूचं डोकं तुझ्या पायांवर.

मी इकडे खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; खुशाल आहे की नाही याचा मलाच उलगडा झालेला नाही. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला बसला का? माझी तांबू गाय तुमच्या गोठ्यात रुळली, की अजून संध्याकाळची सुटून माझ्या बंद घराच्या दारात जाऊन उभी राहते? (राहत असेल तर कळवू नकोस.) किन्हवलीत कापणी सुरू झाली असेल, आणि मी इथे खुर्चीत बसून हे लिहितोय. फोनवर सगळं बोललो असतो, पण इथल्या भिंती अशा की शेजारी भाकरी उलटली तरी ऐकू येते. म्हणून पत्र. तू सातवी पास आहेस, तेव्हा स्वतः वाच, कोणाच्या हातात देऊ नकोस.

माझी सुंदरा देवाघरी गेली आणि पोराने, स्वरूपने, मला इकडे आणलं, तेव्हा तू रडलीस आणि म्हणालीस, शहरातली माणसं धावतात रे, तू पडशील. आक्का, इथे कोणी धावत नाही. हीच तर माझी अडचण आहे. या सोसायटीचं नावच 'निवांत नगरी'. बिल्डरने जाहिरातीपुरतं ठेवलं असेल, पण राहणाऱ्यांनी ते फार मनावर घेतलंय. लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. ती दुरुस्त करायची म्हणून सभा भरली, मीही मुद्दाम जाऊन मागे बसलो. चहा झाला, चिवडा झाला, चिवडा कोणत्या दुकानातला यावर बराच ऊहापोह झाला आणि सभा संपली. मी शेजाऱ्याला विचारलं, "लिफ्टचा काय झाला?" तो म्हणाला, "होईल हो, घाई काय आहे?" आणि तोच माणूस पाचव्या मजल्यावर राहतो! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ते साईनाथराव. भल्या सकाळी बाकावर येऊन बसतात ते ऊन अंगावर येईपर्यंत. मग दुसऱ्या बाकावर जातात. आपल्याकडे धडधाकट माणूस दिवसाढवळ्या असा बसला तर घरचे बोलावून विचारतील, काय रे, ताप आहे का?

घरात मला काम नाही. सून कुणाली घरूनच नोकरी करते, म्हणजे कानाला यंत्र लावून संगणकाकडे बघून हसते. पोर गुणाची आहे. पण मी भांडी विसळायला गेलो की, "बाबा, तुम्ही आराम करा." केर काढायला गेलो की, "बाबा, आराम." आराम कसा करतात हे मला कोणी शिकवलंय? मी आपला खाली उतरलो. फाटकाशी बदामाच्या झाडाखाली एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर बसलो. अंगात तो पोलीस पाटीलकीच्या वेळचा खाकी शर्ट होता. (तू म्हणाली होतीस, तो टाकून दे. ऐकायला हवं होतं.)

आता पुढचं नीट वाच, कारण घडत होतं तेव्हा मलाही समजलं नव्हतं.

फाटकाच्या खोलीत इथला रखवालदार, विनोद नावाचा डोळखांबकडचा एक बाप्या, झोपलेला होता. मला बघून ताडकन उठला, सलाम ठोकला आणि झाडांना पाणी घालायला पळाला. मला वाटलं, काय संस्कार आहेत! दुसऱ्या दिवशीही तेच. मी येऊन बसायचो आणि सदर इसम झाडांना पाणी घालायचा. शेवटी त्या झाडांची मुळं कुजायला आली, तेव्हा मीच म्हटलं, "बस रे बाबा आता." त्यानंतर तो बसला तो बसलाच.

आणि लोक? आक्का गो, इतकी प्रेमळ माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या मीनाताई सकाळी चहा आणून द्यायच्या, वर विचारायच्या, "पोहे ठेवलेत, खाणार ना काका?" कोणी जाता जाता घराची किल्ली हातात देई, "पोरगी कॉलेजातून आली की द्या." कोणी पार्सल ठेवून जाई. कोणी म्हणे, गाडीकडे लक्ष असू द्या. आपल्या गावात शेजाऱ्याची किल्ली मिळायला अर्धं आयुष्य जातं, आणि इथे माझं नावही न विचारता माणसं घर हातात देत होती! मी रोज रात्री जेवताना स्वरूपला सांगायचो, तुझी सोसायटी म्हणजे देवमाणसांची आहे. तो मोबाईलमध्ये बघून हूं म्हणायचा. मग मीही त्या प्रेमाला जागायचं ठरवलं. इतकी वर्षं पोलीस पाटील होतो, सवय जाते कुठे? येणाऱ्याजाणाऱ्याला उभा करायचो. कुठचे? कोणाकडे? काय काम? गाव कोणतं? बायको कुठली? इथल्या लोकांना हे फार आवडलं. (विनोद कोणालाच काही विचारत नसे. त्याचं म्हणणं, आलाय म्हणजे काहीतरी काम असणारच ना.)

आणि मग तो रविवार आला. संध्याकाळी एक गृहस्थ फटफटीवरून आले. मी नेहमीप्रमाणे अडवलं. म्हणाले, स्वरूपकडे जायचंय. म्हणजे आपल्याच घरी! मी म्हटलं, मग तर नीटच विचारलं पाहिजे. गाव, आडनाव, वडिलांचं नाव विचारलं, आधार कार्ड बघितलं, फटफटी बाहेर रस्त्याकडेला लावायला लावली. माणूस शांत, सगळं सांगत गेला. मग लिफ्ट बंद म्हणून मी त्यांचं हेल्मेट आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पुढे झालो. पाहुण्याच्या हातातलं ओझं घ्यावं, एवढी रीत आपल्याला आहे. दार स्वरूपने उघडलं. ते गृहस्थ त्याच्या कंपनीतले मोठे साहेब निघाले. ते आत शिरता शिरता हसून म्हणाले, "तुमचा वॉचमन भारी कडक आहे हो!"

मी मागे वळून पाहिलं, म्हटलं विनोद आला की काय वर. जिन्यात कोणीच नव्हतं.

आक्का, मी तिथे हेल्मेट धरून उभा. स्वरूपने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो सर. आहेत चांगले." एवढंच. त्याला घाबरल्यावर लहानपणी घाम यायचा ना नाकावर, तसाच आला होता. आतून कुणाली ओरडली, "बाबा आले का?" मी हेल्मेट टेबलावर ठेवलं, म्हटलं, "फाटक उघडं राहिलंय," आणि खाली आलो. खुर्चीत बसलो. सगळे चहा, सगळ्या किल्ल्या, सगळे पोहे एकेक करून डोळ्यांपुढून गेले. जेवून साहेब निघाले, म्हणाले, "येतो हं काका." आणि आक्का, खोटं कशाला सांगू, माझा हात आपोआप सलामाला वर गेला.

घरी गेलो तर कुणाली स्वरूपशी बोलत नव्हती आणि स्वरूप माझ्याशी. शेवटी तोच फुटला. "बाबा, तुम्हाला फाटकावर बसायला सांगितलं कोणी? लोक काय समजतात माहीत नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "लोक काय समजायचे ते समजूंदे. तू काय समजलास?" त्याने मोबाईल उचलला. मग मीच बोलत सुटलो. हे घर नाही, हा पिंजरा आहे; ही माणसं नाहीत, बाकं आहेत; मला पुढच्या शनिवारी किन्हवलीला नेऊन सोड, मी आक्काकडे राहीन, ती मला डोक्यावर घेऊन नाचेल. असं बरंच. पाटीलकीचा आवाज लागला होता. सगळ्या मजल्यांनी ऐकलं असणार.

त्यानंतर मी खाली उतरलोच नाही. खाली काय झालं ते मीनाताईंकडून कळलं. एक गाय आत शिरून तिने सगळा झेंडू खाल्ला आणि विनोद तिला पाणी पाजत होता. पार्सलं एकमेकांच्या घरी गेली. साईनाथरावांना कोणाच्या तरी बाळाचं खेळातलं घर आलं (प्लास्टिकचं), ते त्यांनी ठेवूनही घेतलं. मग एकेक जण आमची बेल वाजवू लागला. आलेले ते मला शोधत नव्हते, आमच्या घरी तक्रार करायला आले होते, की तुमच्या मजल्यावरचा आवाज ऐकून वॉचमनकाका नोकरी सोडून गेले वाटतं. दार मी उघडलं. साईनाथराव म्हणाले, "अरे, तुम्ही इथे काम धरलंत होय?" मी म्हटलं, "मी याचा बाप." साईनाथराव आधी जिन्याच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "असू दे हो. उद्या खाली येणार ना पण?" विनोद तर हात जोडून आला. तो मला कमिटीने त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलेला माणूस समजत होता. मीनाताई मात्र रडल्या. त्या म्हणाल्या, पण पोहे मी वॉचमनला म्हणून नव्हते देत हो, तुम्हाला देत होते. यातला फरक मला अजून नीट उमगलेला नाही, पण बरं वाटलं.

परवा सुट्टी होती. मी उठायच्या आत स्वरूप खाली गेला होता. खिडकीतून बघतो तर बदामाखाली दोन खुर्च्या. मी उतरलो, त्याच्या शेजारी बसलो. दूधवाला आला, स्वरूप म्हणाला, "हे माझे वडील." पेपरवाला आला, "हे माझे वडील." शेवटी कचऱ्याची गाडी आली, तिच्या ड्रायव्हरलाही गाडी थांबवून सांगितलं. मी म्हटलं, "पुरे रे, आता त्यांना त्यांचा बाप आठवेल." तेव्हा तो हसला आणि मग माझ्या हातावर हात ठेवून खाली बघत बसला. मीनाताईंनी दोघांनाही चहा आणून दिला.

तर असं आहे. शनिवारी मला सोडायला त्याने रजा टाकली आहे. भाऊजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
गणू

ता.क. शनिवारी माझ्यासाठी भाकऱ्या टाकू नकोस.

ता.क. २. म्हणजे असं की, मी रागाच्या भरात जे बोललो ते बोललो. पिंजरा वगैरे. आता आपण होऊन "मी राहतो" म्हणायचं, तर माजी पोलीस पाटलाला ते जमत नाही. आणि स्वरूपही "राहा" म्हणत नाही. त्याला वाटतं, बाबांचं मन गावाकडे आहे, अडवू नये. दोघंही एकमेकांचं मन राखतोय आणि माझी पिशवी भरून दाराशी तयार आहे. तेव्हा तू शुक्रवारी स्वरूपला फोन कर आणि सांग, की आमच्याकडे जागा नाय, माझा गुडघा दुखतो, तुझ्या बापाचं करायला मला जमायचं नाय, ठेवून घे तुझ्याकडेच. जरा जोरात बोल. मी शेजारीच बसलेला असेन, माझा चेहरा पडला पाहिजे.

ता.क. ३. बोलून झालं की फोन ठेवून दे. मग थोड्या वेळाने मला वेगळा फोन कर आणि सांग, की ते सगळं तू खोटं बोललीस.