बाबांचा व्हायोला आणि खारूची करंगळी

प्रिय ताई,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं बोलणं फिसकटतं, म्हणून लिहितो आहे. रविवारी तुझी खारू हॉस्टेलवरून घरी येईल. त्याआधी हे वाच.

काल ती बाबांचा व्हायोला परत न्यायला आमच्या वाद्यांच्या दुकानात आली होती. तू सांगितलंस तशा नव्या तारा चढवल्या होत्या. मी तो इतका पुसला होता की मालक म्हणाले, "अरे, वाजवायचाय की त्यात बघून भांग पाडायचाय?"

वाद्य हातात देताना आम्ही माप बघतोच. ते खांद्यावर ठेवून डावा हात लांब करायचा. टोकाचं लाकडी वेटोळं तळहाताच्या मधोमध येऊन बोटं त्यावर सहज मिटली पाहिजेत. खारूची बोटं तिथवर जेमतेम टेकली. तिचा खांदा नीट करून पुन्हा बघितलं, तरी तेच. व्हायोला व्हायोलिनचा थोरला भाऊ, पण त्याचं सगळ्यांना चालेल असं एकच माप नसतं, ज्याच्या-त्याच्या हातावर असतं. बाबांचा साडेसोळा इंची. त्यांचे हात आठव, वरच्या फळीवरचा डबा ते टाचा न उचलता काढायचे. खारूला पंधराच बसतो. तू म्हणशील, वाढत्या अंगाची पोर आहे, येईल हाताला. अगं, फ्रॉक ढगळ झाला तर टाके घालता येतात. इथे रोज हात ताणला जातो.

थोडं वाजवून तिने हात पाठीमागे नेला. "काही नाही रे मामा," म्हणाली. मला राहवेना. तिला डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटाला पेन्सिल टेकवत विचारत गेलो. तिने तीन बोटं बरोबर ओळखली. करंगळीला टेकवली, तर म्हणाली, "लाव ना, थांबलास का?"

ताई, आधी डॉक्टरांना दाखव.

मग मी दुकानातला पंधरा इंची तिला क्षणभर धरायला दिला, तर खाली ठेवेना. मालकांनी हळूच काढून घेतला, तेव्हा रडली आणि सगळं बोलली. आजोबांचा नको म्हटलं तर आई रडेल, कंटाळा आला म्हटलं तर नुसती ओरडेल, असा तिचा विचार आहे. परीक्षेआधीच ती व्हायोला सोडणार आहे. आईला सांगितलंस तर कायमची कट्टी, अशी मला तंबी आहे. ती कट्टी मी सोसेन. रविवारी ती तुला म्हणेल, "आई, मला कंटाळा आलाय." तेव्हा ओरडू नकोस. तिचा डावा हात हातात घे.

तुझाच,
धाकटा