बाबांच्या खमिराच्या वड्या

मोनोंगहेलाकाठ, ता. ११ मार्च १८३८

ती. जेनेटताईस,

ह्यूचा सा. न. वि. वि. इकडे सगळे खुशाल आहोत, पण एक घोटाळा झाला आहे. कॅथरीनाने घराची झाडलोट काढली आणि तळघरातलं बाबांचं खमिराचं मडकं राखेच्या पाण्याने घासून लख्ख केलं. वर मलाच दाखवलं, बघा किती घाण निघाली म्हणून. बायको पडली जर्मन घरची लेक, काळं दिसलं की हात शिवशिवतात. आता दोन दिवस रडते आहे, त्यामुळे रागवायचीही सोय नाही.

आमच्या लेकीचं, आयझाबेलचं लग्न जूनमध्ये, गिलेस्पींच्या धाकट्याशी. रिवाजाप्रमाणे वरातीतले स्वार नवरीकडची बाटली आधी कोण पटकावतो म्हणून शर्यतीने आपल्या दारी दौडत येणार, आणि खमीर गेल्याने घरात स्वतःची व्हिस्की नाही. म्हातारे गिलेस्पी म्हणाले, आमचीच घ्या. म्हणजे त्यांच्याच पोरांनी जीव तोडून यायचं आणि त्यांचीच बाटली परत न्यायची. पंचक्रोशीत हसं होईल गं.

बाबांचं खमीर तुझ्याकडे आहे असं आई एकदा बोलून गेली होती. सोळा वर्षांपूर्वी बाबांचा विरोध पत्करून ओहायोला गेलीस, तेव्हा तू ते चोरून नेलंस असं मी समजतो. चोरलं असलंस तर फार बरं केलंस. बाबा गेल्यापासून आंबवण मी एकट्याने कधी घातलेलं नाही. राय धान्याचा चिकटा होतो म्हणून निम्मा मका मिसळावा म्हणतो. तुझं मत कळव.

मडकं रिकामं असलं तरी लोभ भरून ठेव.
तुझा, ह्यू


ओहायो, ता. ८ एप्रिल १८३८

चि. ह्यूस अनेक आशीर्वाद.

मक्याचा एक दाणा घातलास तर माझं नाव घेऊ नकोस. बाबांची व्हिस्की निव्वळ रायची. चिकटा होतो कारण तुला घाई. उकळतं पाणी पिपात ओत आणि थांब. वाफ विरून पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की मग रायची भरड आणि मोड आणून वाळवलेले दाणे घाल. त्या मोडाच्या दाण्यांतले ओंजळभर आधी टाकायचे, त्याने चिकटा सुटतो. धारोष्ण दुधाइतकं कोमट झालं की मगच खमीर. पीप काठोकाठ भरू नकोस, राय फसफसून वर येते. लहानपणी अख्खं तळघर आपण पुसलं होतं, आठवतं का? आपण कसलं, मीच. तू पायरीवर बसून हसत होतास.

खमीर रायच्या पिठात मळून, सावलीत वाळवून वड्या केल्या आहेत. तुमच्याकडे येणाऱ्या पाद्रीबाबांबरोबर पाठवते. ते दारूवर फार कडक बोलतात, म्हणून पावाचं खमीर आहे एवढंच सांगितलं. पाव होतोही त्याचा.

आणि मी चोर नाही रे. मी निघाले तेव्हा बाबा घराबाहेर आलेच नाहीत असं तुम्हाला वाटतं. गाडी कुंपणापाशी पोचली तेव्हा ते तिथे उभे होते. आपल्या जुन्या बंडीत गुंडाळलेलं मडकं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता वळले. मला वाटलं, अजून रागावलेत. सोळा वर्षं तेच वाटत आलं आहे.

कॅथरीनाला म्हणावं, रडू नको. तिला माझी माया सांग, तुला उरली तर कळवीन.
तुझी ताई, जेनेट


मोनोंगहेलाकाठ, ता. २० जून १८३८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लग्न झालं. आंबवण तू सांगितलंस तसंच घातलं. पाण्यात तोंड दिसेपर्यंत थांबलो. कॅथरीनाने मात्र आपलं तोंड आधी दिसलं म्हणून मला डिवचलं. तिसऱ्या दिवशी पीप असं फसफसलं की ती परात घेऊन धावली. मग भट्टी लावून व्हिस्की गाळली. खमिराच्या नव्या मडक्याला ती आता कुणाला हात लावू देत नाही, मलाही नाही.

दोघे स्वार चिखलातून दौडत आले. गिलेस्पींचा पुतण्या बाटली घेऊन सुटला. वाटेत नवरदेवाने घोट घेतला, आणि वरात दारी आल्यावर म्हाताऱ्या गिलेस्पींनी. त्यांनी दुसराही घेतला आणि बाटली माझ्या हाती दिली. नंतर म्हणाले, ही तुझ्या बापाच्या हातची, त्याने जाण्याआधी कधी काढून ठेवली? मी सगळ्यांदेखत सांगितलं की खमीर जेनेटताईने पाठवलं, आणि तिला ते बाबांनी दिलं होतं. आई हे ऐकून उठली आणि माझ्या हातातली बाटली घेऊन तिने स्वतः घोट घेतला. तिला पिताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आयझाबेल सासरी निघाली तेव्हा निम्म्या खमिराचं मडकं माझ्या बंडीत गुंडाळून तिच्या गाडीत ठेवलं. खूप काही सांगायचं ठरवलं होतं. ताई, तोंडातून शब्द फुटला नाही. वळलो आणि तडक गोठ्यात गेलो. बाबा रागावलेले नव्हते गं.

शरदात ये. नवीन आंबवण तुझ्यासाठी थांबवतो, माझ्यावरची माया तेवढी थांबवू नकोस.
तुझा, ह्यू